थेंबभर रक्ताची साक्ष

आमच्या भुसार मालाच्या वखारीच्या दाराशी सहा वर्षांपूर्वी एक पिल्लू येऊन बसले आणि वखारीचेच होऊन गेले. हमालांनी त्याला मोती म्हणावयास सुरुवात केली आणि घरातल्या लहानथोरांनी ते नाव मान्य केले. सकाळी पेढी उघडण्यास दादा येत, त्याआधी तो पायरीवर हजर असे. गेल्या वर्षी पर्युषण पर्व आटोपून दोनच दिवस झाले होते. मोतीने पुढ्यातली दूधपोळी हुंगली आणि तोंड फिरवले. दुसऱ्या दिवशी वखारीच्या तीन पायऱ्या चढताना तो मध्येच थांबून धापा टाकू लागला. ओठ उचलून पाहिले तर हिरड्या पांढऱ्याफटक, त्यावर किंचित पिवळी झाक. आणि लघवी काळ्या चहासारखी गर्द.

सल्ला देणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. एकाने गोचिडताप सांगितला, दुसऱ्याने लोहाचे टॉनिक सुचविले. दोघांच्याही मनात कणव होती. दादांनी तर गोचिडतापाचे इंजेक्शन विकत आणूनच पशुवैद्यांकडे गाडी वळविली. "डॉक्टरसाहेब, औषध आणलेच आहे, देऊन टाका," ते म्हणाले. पशुवैद्यांनी मोतीच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि शांतपणे उत्तर दिले, "शेठजी, सुई टोचायला अर्धा मिनिट पुरे. पण ती कशासाठी टोचायची, हे आधी याच्या रक्ताला विचारू."

त्या उत्तरामुळे मोती वाचला, असे आज मला वाटते. मुक्या जनावराला स्वतःचे दुखणे सांगता येत नाही. त्याच्या वतीने त्याचे रक्त बोलते. ते कसे बोलते आणि आपण ते कसे ऐकावे, हे कुत्रा वा घोडा पाळणाऱ्या, तसेच पांजरापोळाला हातभार लावणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला ठाऊक असणे अगत्याचे आहे.

तुटीची तीन कारणे

रक्तक्षय हे रोगाचे नाव नव्हे. शिल्लक कमी झाल्याची ती केवळ नोंद आहे. वखारीत धान्याची तूट आली तर व्यापारी तीन गोष्टी तपासतो: नवा माल आलाच नाही काय, आलेला माल बाहेर गेला काय, की माल आतल्या आत किडीने फस्त केला? रक्ताचेही तसेच आहे. अस्थिमज्जेत तांबड्या पेशींची निर्मिती मंदावली असेल, कोठेतरी रक्तस्राव होत असेल, किंवा तयार झालेल्या पेशी शरीराच्या आतच फुटत असतील.

या तिसऱ्या प्रकारात एक विलक्षण दुखणे मोडते. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा परक्या जंतूंना ओळखून त्यांच्यावर प्रतिपिंडे चिकटवते आणि अशा खुणा केलेल्या शत्रूला नष्ट करते. कधी कधी हा पहारेकरीच चुकतो आणि स्वतःच्या तांबड्या पेशींवर ती खूण करतो. मग प्लीहा आणि यकृत यांतील भक्षक पेशी त्या निरोगी पेशींना गिळू लागतात. कुत्र्याची तांबडी पेशी एरवी सुमारे चार महिने जगते. या दुखण्यात तिचे आयुष्य काही दिवसांवर येते. याला प्रतिकारजन्य रक्तक्षय म्हणतात. कॉकर स्पॅनियलसारख्या काही जातींत तो अधिक आढळतो, परंतु गावठी कुत्र्यालाही तो वर्ज्य नाही.

पहिली तपासणी अगदी साधी असते. काचेच्या बारीक नळीत रक्त भरून ती यंत्रात वेगाने फिरवितात. तांबड्या पेशी तळाशी बसतात, वर पिवळसर द्रव राहतो. निरोगी कुत्र्याच्या नळीचा साधारण ३७ ते ५५ टक्के भाग पेशींनी व्यापलेला असतो. मोतीचा आकडा होता १४. मात्र जाणकार वैद्य केवळ आकडा पाहत नाही. वरच्या द्रवाचा रंग आणि त्यातील प्रथिनेही पाहतो. रक्त बाहेर वाहून गेले असेल तर पेशींबरोबर प्रथिनेही घटतात. पेशी आतच फुटत असतील तर प्रथिने बहुधा शाबूत राहतात आणि द्रव गर्द पिवळा किंवा लालसर होतो. मोतीची प्रथिने शाबूत होती आणि द्रव हळदीसारखा पिवळा होता. माल बाहेर गेलेला नव्हता. कीड आतच होती.

काचपट्टीवरचा पुरावा

यानंतर पशुवैद्यांनी काचपट्टीवर रक्ताचा एक थेंब घेऊन त्यात सलाईनचे चार थेंब मिसळले आणि पट्टी हळूहळू हलविली. पाहता पाहता लाल द्रवात बारीक कणी दिसू लागली. तीच पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरून त्यांनी आम्हांलाही दाखविली. द्राक्षांच्या घडासारख्या पेशी एकमेकींना बिलगून बसल्या होत्या.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा लागतो. रक्तातील पेशी कधी कधी नाण्यांच्या चळतीसारख्या एकावर एक रचल्या जातात. ती चळत रक्तातील प्रथिनांमुळे होते आणि सलाईन घातले की विस्कटते. प्रतिपिंडांनी बांधलेला घड मात्र सलाईनने सुटत नाही. शंका उरली तर रक्त अधिक पातळ करून पाहतात, किंवा पेशी सलाईनने तीन वेळा धुऊन पुन्हा तपासतात. धुतल्यावरही घड कायम राहिला तर पुरावा भक्कम समजावा.

दुसरा पुरावा रक्ताच्या पातळ लेपात मिळतो. कुत्र्याची तांबडी पेशी मध्यभागी फिकट असते. भक्षक पेशींनी तिच्या आवरणाचा लचका तोडला की उरलेली पेशी आक्रसून लहान, गोल आणि सर्वत्र सारखी गडद होते. अशा गोलपेशी हे या दुखण्याचे ठळक लक्षण. तैलभिंगाखाली प्रत्येक दृश्यात पाच किंवा अधिक गोलपेशी दिसल्या तर निदानाला मोठा आधार मिळतो. त्याच लेपात अस्थिमज्जेने नव्याने पाठविलेल्या कोवळ्या पेशीही दिसतात; मात्र मज्जेला उत्पादन वाढविण्यास तीन ते पाच दिवस लागतात. म्हणून पहिल्याच दिवशी कोवळ्या पेशी दिसल्या नाहीत, एवढ्यावरून निराश होण्याचे कारण नाही.

कूम्ब्स यांची युक्ती

काही रुग्णांत प्रतिपिंडे पेशींवर चिकटलेली असतात, पण घड बांधण्याइतकी नसतात. अशा वेळी डोळ्यांना काहीच दिसत नाही. हा अदृश्य पुरावा दृश्य करणारी चाचणी १९४५ साली केंब्रिज येथे रॉबिन कूम्ब्स यांनी आर्थर मुरांट आणि रॉबर्ट रेस यांच्या साहाय्याने प्रसिद्ध केली. तिचे मूळ तत्त्व इटलीतील कार्लो मोरेस्की यांनी १९०८ सालीच मांडले होते, पण ते विस्मरणात गेले होते. कूम्ब्स यांचे मूळचे शिक्षण पशुवैद्यकाचे, तेही एडिनबरो येथे झालेले. माणसांच्या रक्तपेढ्यांत आज नित्य वापरली जाणारी चाचणी एका पशुवैद्याच्या बुद्धीतून उतरली, ही गोष्ट आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

युक्ती अशी: कुत्र्याच्या प्रतिपिंडांनाच ओळखणारे दुसरे प्रतिपिंड धुतलेल्या पेशींत मिसळायचे. पेशींवर पहिली खूण असेल तर हे दुसरे प्रतिपिंड दोन पेशींवरील खुणांना सांधते आणि घड तयार होतो. खूण नसेल तर पेशी सुट्या राहतात. हा द्राव ज्या त्या प्राण्यासाठी वेगळा लागतो. माणसांसाठीचा द्राव कुत्र्याला चालत नाही, कुत्र्याचा घोड्याला चालत नाही. म्हणून नमुना पाठविण्यापूर्वी, त्या प्रयोगशाळेत त्या प्राण्यासाठीची कूम्ब्स चाचणी होते काय, हे विचारून घ्यावे.

आपल्या वाचकांच्या मनात येथे एक प्रश्न उद्भवेल आणि तो टाळणे योग्य नव्हे. हा द्राव सामान्यतः सशाच्या किंवा शेळीच्या रक्तापासून मिळवितात. त्या प्राण्याला आधी कुत्र्याची वा घोड्याची प्रतिपिंडे टोचलेली असतात. ज्याला हे खटकते त्याने हेही जाणून घ्यावे की सलाईनची चाचणी आणि रक्ताचा लेप यांना असे काहीच लागत नाही. धुतल्यावरही टिकणारा घड, गोलपेशी आणि पेशी फुटत असल्याची खूण ही तिन्ही लक्षणे एकत्र सापडली तर निदानासाठी कूम्ब्स चाचणीची गरज उरत नाही. मोतीच्या बाबतीत तसेच झाले. जेथे पुरावा अपुरा पडतो तेथेच ती मागवावी लागते, आणि तेथे ती एका जिवाचा निर्णय करते.

चाचणी सकारात्मक आली म्हणजे सारे संपले, असेही नाही. पूर्वी दुसऱ्याचे रक्त चढविले असेल किंवा अन्य संसर्ग असेल तरी ती सकारात्मक येऊ शकते. आणि दुखणे खरे असूनही क्वचित नकारात्मक येते. एका साक्षीदारावर न्यायाधीश निकाल देत नाही, तसेच हे.

तोंडवळा सारखा, मूळ वेगळे

आता त्या गोचिडतापाकडे वळू. तो सल्ला अगदीच निराधार नव्हता. आपल्या देशात गोचिडांमार्फत पसरणारा बबेसिया हा परजीवी कुत्र्यांत सर्रास आढळतो. तो तांबड्या पेशींत शिरून त्या फोडतो. हिरड्या पांढऱ्या, लघवी गर्द, अंगात ताप, सारी लक्षणे तीच. इतकेच नव्हे, या संसर्गामुळे प्रतिकार यंत्रणा बिथरून स्वतःच्या पेशींवर उलटू शकते, आणि मग कूम्ब्स चाचणीही सकारात्मक येते.

उपचारांत मात्र मोठे अंतर आहे. प्रतिकारजन्य रक्तक्षयात प्रेडनिसोलोनसारख्या औषधांनी प्रतिकारशक्ती दाबावी लागते. परजीवी अंगात असताना त्यावर इलाज न करता तीच शक्ती दाबली तर परजीवीला मोकळे रान मिळते. उलट, परजीवी नसताना केवळ गोचिडतापाचे इंजेक्शन देत राहिलो तर अमूल्य दिवस वाया जातात आणि पेशी फुटतच राहतात. शिवाय या दुखण्यात फुप्फुसातील रक्तवाहिन्यांत गुठळ्या होण्याचा धोका असतो. अनेक कुत्री रक्त कमी झाल्याने नव्हे, तर या गुठळ्यांनी दगावतात. म्हणून वेळेला मोल आहे. लेपात परजीवी दिसला नाही तरी तो अल्प संख्येने असू शकतो, यास्तव रक्ताची पीसीआर तपासणीही करून घेतात. मोतीची ती तपासणी नकारात्मक आली.

आणखी एक कारण आपल्या घरांना सहसा सुचत नाही, ते म्हणजे कांदा. कांदा-लसणातील द्रव्ये कुत्र्याच्या तांबड्या पेशींना इजा करतात आणि पेशी फुटू लागतात. विशेष रंग दिलेल्या लेपात त्या पेशींच्या कडेला लहान गोळीसारखा ठिपका दिसतो. आपल्या स्वयंपाकघरात कांदा शिजत नसेल. पण वखारीचा कुत्रा शेजारच्या हॉटेलाच्या मागच्या दारी जातो, लग्नाच्या पंगतीचे उरलेसुरले खातो. पशुवैद्यांनी विचारले तर "आमच्याकडे कांदा नसतोच" एवढे सांगून थांबू नये. कुत्रा दिवसभर कोठे कोठे फिरतो तेही सांगावे. जस्ताचा मुलामा असलेले नट-बोल्ट गिळल्यानेही पेशी फुटतात, आणि ते क्ष-किरण चित्रात दिसतात. अलीकडे दिलेली औषधे व शरीरात लपलेला कर्करोग यांचाही विचार करावा लागतो.

घोड्याचे निराळे गणित

हेच नियम घोड्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत. घोड्याच्या रक्तात नाण्यांची चळत निरोगी अवस्थेतही भरपूर दिसते, म्हणून सलाईन घालून पाहिल्याशिवाय घड आहे असे म्हणू नये. त्याच्या तांबड्या पेशी मुळातच लहान आणि मध्यभागी फारशा फिकट नसल्याने गोलपेशी ओळखणे कठीण जाते. कोवळ्या पेशी तर घोड्याची अस्थिमज्जा सहसा रक्तात सोडतच नाही; म्हणून उत्पादन चालू आहे की नाही हे कळण्यासाठी आकडा पुनःपुन्हा मोजावा लागतो किंवा मज्जेचाच नमुना घ्यावा लागतो. शिवाय घोड्याच्या प्लीहेत तांबड्या पेशींचा मोठा साठा असतो. घोडा घाबरला वा बिथरला की तो साठा रक्तात ओतला जातो आणि आकडा उगाच चांगला दिसतो. घोड्याचे रक्त त्याला चुचकारून, शांत करून घ्यावे, असे सांगतात ते याचसाठी.

मोठ्या घोड्यात प्रतिकारजन्य रक्तक्षय बहुधा दुसऱ्या कशाच्या तरी मागोमाग येतो: पेनिसिलीनसारखे औषध, एखादा जंतुसंसर्ग किंवा कर्करोग. औषध कारण असेल तर ते थांबविणे हाच मुख्य उपचार. परंतु त्याआधी दोन दुखणी वगळावी लागतात. एक गोचिडांमार्फत येणारा परजीवी. दुसरा घोड्यांचा संसर्गजन्य रक्तक्षय. हा विषाणू चावऱ्या माश्यांमुळे व एकच सुई अनेकांना वापरल्याने पसरतो आणि जन्मभर अंगात राहतो. त्याच्या निदानासाठी लेरॉय कॉगिन्स यांनी १९७० च्या सुमारास विकसित केलेली चाचणी जगभर वापरली जाते. हिस्सार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र हे आपल्या देशातील या विषयाचे प्रमुख ठिकाण आहे. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा खरेदी करणाऱ्याने आणि वरातीतून निवृत्त झालेला घोडा स्वीकारणाऱ्या पांजरापोळाने, नवा घोडा जुन्यांत मिसळण्यापूर्वी त्याचे रक्त तपासून घेणे शहाणपणाचे.

शिंगरू आणि पहिला चीक

कूम्ब्स यांनी आपली चाचणी आईचे रक्त आणि पोटातले बाळ यांच्या विसंवादाचा शोध घेताना सिद्ध केली होती. घोडीच्या बाबतीत हा विसंवाद गर्भात नव्हे, तर पहिल्या दुधात प्रकट होतो.

घोडीच्या रक्तात नसलेला एखादा रक्तगट, विशेषतः एए किंवा क्यूए या नावाने ओळखला जाणारा, शिंगराला पित्याकडून मिळतो. आधीच्या विणीत शिंगराचे थोडे रक्त घोडीच्या रक्तात मिसळले असेल तर तिच्या शरीरात त्या गटाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. घोडीच्या वारेतून प्रतिपिंडे गर्भापर्यंत पोचत नाहीत. म्हणून शिंगरू जन्मतः ठणठणीत असते, उभे राहते, आईला लुचते. आणि चिकाबरोबर तीच प्रतिपिंडे त्याच्या आतड्यातून रक्तात शिरतात. पहिल्या दिवसापासून चार-पाच दिवसांच्या आत ते मलूल होते, डोळे पिवळे पडतात, श्वास वाढतो. आईचे दूधच त्याला बाधते, हे पाहणाऱ्याला खरे वाटत नाही.

घोडी आणि गाढव यांच्या संकरातून होणाऱ्या खेचराच्या पिलांत हा धोका कितीतरी अधिक असतो. गाढवाच्या रक्तातला एक घटक कोणत्याही घोडीत नसतोच, त्यामुळे प्रत्येक संकरात विसंवाद ठरलेलाच.

येथे तपासणी औषधाहून श्रेष्ठ ठरते, कारण हे दुखणे पूर्णपणे टाळता येते. विण्यापूर्वीच्या दोन ते चार आठवड्यांत घोडीच्या रक्तात अशी प्रतिपिंडे आहेत काय, हे प्रयोगशाळेत पाहता येते. ते जमले नाही तर ऐनवेळी, शिंगराने पहिला घोट घेण्यापूर्वी, तबेल्यातच चाचणी होऊ शकते. घोडीचा चीक सलाईनने क्रमाक्रमाने पातळ करतात. प्रत्येक नळीत शिंगराच्या रक्ताचा थेंब टाकून ती फिरवितात. सोळापट पातळ चिकातही पेशींचा गोळा झाला तर तो चीक शिंगराला घातक समजतात. खेचरासाठी ही मर्यादा चौसष्टपट धरतात. मग शिंगराच्या तोंडाला एक ते दोन दिवस मुसके बांधतात, घोडीचा चीक पिळून टाकून देतात आणि सुरक्षित ठरलेल्या दुसऱ्या घोडीचा चीक पाजतात. तो पाजणे अगत्याचे, कारण चिकाविना शिंगराला रोगांपासून संरक्षणच मिळत नाही. दोन दिवसांनी शिंगराच्या आतड्याचे हे दार बंद होते आणि ते निर्धोकपणे आईला लुचू शकते.

आपल्या हाती काय आहे

जनावराच्या हिरड्या पाहण्याची सवय ठेवावी. गुलाबी हिरडी ही निरोगीपणाची खूण. त्या फिकट वा पिवळ्या दिसताच त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा. घरातील उरलेली गोळी आधी देऊ नये. रक्ताचा नमुना औषधापूर्वी घेतलेला बरा. नमुना रक्त गोठू न देणाऱ्या जांभळ्या झाकणाच्या नळीत घ्यावा, सोबत ताजा लेप तिथल्या तिथे काचपट्टीवर करावा, नळी थंड ठेवावी पण गोठवू नये आणि शक्यतो चोवीस तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवावी. रक्त चढविण्याची वेळ आली तर दाता आणि रुग्ण यांचे रक्त जुळते काय, हे आधी पाहण्याचा आग्रह धरावा.

मुंबईतील भटक्या कुत्र्यांची सरसकट हत्या लोकांना असह्य झाली, त्यातून १८३४ साली भुलेश्वरचा पांजरापोळ उभा राहिला. त्या पूर्वजांनी मुक्या जिवाला छप्पर आणि चारा दिला. आज आपण गोठ्यासाठी, पाण्याच्या टाकीसाठी, चाऱ्यासाठी देणगी देतो, ते उचितच. त्याबरोबर एखादा चांगला सूक्ष्मदर्शक आणि रक्ताची नळी फिरविणारे लहान यंत्रही दिले, तर करुणेला डोळे येतील.

मोतीचे औषध लगेच बंद झाले नाही. मात्रा महिन्यामहिन्याने कमी करावी लागली, प्रत्येक वेळी रक्त तपासून. दादांनी पेढीच्या जुन्या वहीच्या शेवटच्या पानावर तारखा आणि आकडे लिहून ठेवले आहेत: १४, १९, २६, ३३, ३९. त्याखाली दोन ओळी मोकळ्या सोडल्या आहेत, कारण हे दुखणे उलटू शकते आणि पुढची तपासणी अजून व्हावयाची आहे. सकाळी पेढी उघडते तेव्हा मोती पुन्हा दादांच्या आधी पायरीवर असतो. दादा कुलपाला किल्ली लावण्यापूर्वी वाकून त्याचा ओठ उचलतात, हिरडी पाहतात, आणि मगच दार उघडतात.